खाडीला आवतन

मागच्या उन्हाळ्यात कॉलेजातली एक मुलगी आमच्या घरी आली. कुणीतरी तिला सांगितलं होतं की आमच्या गावच्या धवलारणीच्या ओळी आता फक्त या म्हाताऱ्याला पाठ आहेत. तिने मोबाईल टेबलावर उभा केला आणि विचारलं, आजोबा, आशेवर काय आहे तिचं? प्रेमावर काय? मरणावर, सौंदर्यावर? मी म्हटलं, बाई, ती मसाल्याचे डबे मांडून गात नव्हती, हा आशेचा, हा मरणाचा. सगळं एकाच फोडणीत असायचं. मुलगी हसली, पण उठली नाही. हट्टी होती, म्हणून मला बरी वाटली. तिला ओळी सांगितल्या, त्या घेऊन ती गेली. त्या ओळींच्या मागे काय झालं ते मी तिला सांगितलं नाही. ते मी इथे लिहितो.

मी मराठी तिसरी पास. चौथीत, मी न केलेल्या गोष्टीसाठी मास्तरांनी छडी मारली, तेव्हा पाटी तिथेच ठेवून घरी आलो. मास्तर दोनदा बोलवायला आले. नाही गेलो. त्यामुळे हे लिहिणं माझं आहे आणि शुद्धलेखन नातीचं. तिने काही ठिकाणी माझे शब्द गुळगुळीत केले होते, ते मी परत खडबडीत करून घेतले.

आम्ही खाडीकाठचे आगरी. गाव शिरवण्याच्या बाजूचं. एका अंगाला भाताची शेतं, दुसऱ्या अंगाला मिठागर, पलीकडे खाडी. आमच्यात तेव्हा लग्न भटजी लावत नसे. बाई लावायची. तिला धवलारीण म्हणत आणि ती गाते त्याला धवला. मांडव घालण्यापासून मुलगी सासरी जाईपर्यंत प्रत्येक गोष्टीचा धवला असतो, आणि तो गायल्याशिवाय ती गोष्ट झाली असं कुणी मानत नसे.

आमची धवलारीण एक हडकुळी म्हातारी होती. पुढचा दात तुटलेला. डोक्यावर सुकटीची पाटी घेऊन गावोगाव फिरायची आणि लग्नसराईत गायची. अक्षरओळख नव्हती. नवरा तरुणपणीच गेलेला. आता यातली गंमत बघा, तिच्या गाण्याशिवाय हळद लागत नसे, पण विधवा म्हणून हळदीला तिचा हात चालत नसे. लांब बसून गायची. जुना धवला सगळ्याच धवलारणींना येतो. ही मधेच स्वतःच्या दोन ओळी घालायची. त्या आधी कुणी ऐकलेल्या नसत आणि पुढे कुणी विसरत नसे. तिच्या मागे ओळ झेलायला दोघी बायका असायच्या, त्यासुद्धा तिथे अडखळायच्या.

माझ्या थोरल्या भावाच्या लग्नात मी पोरगेला होतो. आमची वयनी रंगाने काळी. म्हणजे आमच्यातसुद्धा काळी. मांडवात आमच्याच घरच्या बायका तोंडाला पदर लावून काहीबाही बोलत होत्या. धवलारणीने ते ऐकलं. गाता गाता तिने वळण घेतलं:

काली माजी बाय गो, मिठावरी उभी रायली,
मिठाचा परला चांदना, ती रात होऊन आयली.

बायकांची तोंडं बंद झाली. दादा पाटावर बसून मोठ्याने हसला, नवऱ्या मुलाने हसू नये तसा. पुढे दोघांचं भांडण झालं की तोच तिला 'रात आयली' म्हणून चिडवायचा आणि भांडण मिटायचं. त्यांच्या भांडणांवरही म्हातारीने एक केलं होतं, ते शेजारणी वयनीला ऐकवत:

घरधनी रुसला गो, सबूद नाय बोलला,
भाकर ठेवली शिंक्यावं, शिंका रातचा हालला.

दादा खरंच तसा होता. अबोला धरायचा आणि रात्री उठून शिंक्यावरची भाकरी खायचा.

नवं शहर वसवायचं म्हणून सरकारच्या जमिनीच्या नोटिसा गावात यायला लागल्या त्या सुमाराला दादा गेला. गेला म्हणजे खाडीत गेला, एवढंच मला म्हणायचंय. अमावास्येचं उधाण होतं. जाळं बघायला तो एकटा होडी घेऊन गेला. दुपारून वारा फिरला. मी मिठागरावर होतो. भरती उतरल्यावर होडी सापडली, तिवरांच्या मुळांत अडकलेली. माणूस नव्हता. शिदोरीचं फडकं बांधलेलं होतं तसं होतं. आणि होडी सरळ होती. हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगितलं. उलटी असती तर मी वेगळा विचार केला असता. सरळ होती.

गावाने खाडी पालथी घातली. मी सगळ्यांच्या पुढे होतो. काही मिळालं नाही. मग गावाने ठरवलं की तो मेला. दहाव्याला बायका वयनीच्या बांगड्या फोडायला आल्या. मी उंबऱ्यावर बसलो. हातात कोयता होता. नारळ सोलत होतो, असं मी नंतर सांगितलं. म्हटलं, मयत दाखवा आणि मग बांगडीला हात लावा. एका म्हाताऱ्या चुलतीने समजावून बघितलं, तिलाही तेच उत्तर दिलं. बायका परत गेल्या. वयनी आत चुलीपुढे बसली होती, पदराला धरून तिची लहान पोर. वयनी तेव्हा काय म्हणाली असं कुणी विचाराल, तर काहीच म्हणाली नाही. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

तलाठी आला. सातबाऱ्यावर दादाच्या नावापुढे मयत लावू का म्हणाला. मी म्हटलं, लावून बघ. त्याने नाही लावलं. गावातला एकजण मालाच्या जहाजावर होता, तो सुट्टीवर आला तेव्हा म्हणाला, गुजरातेत एका बंदरावर पाठमोरा माणूस बघितला, चाल तुझ्या दादासारखी. मी तिथवर जाऊन आलो. चाल तशीच होती, माणूस दुसरा होता. पण एवढं तर कळलं की अशी चाल जगात असू शकते. घरी आलो आणि भरतीच्या वेळेला मिठागराच्या बांधावर जाऊन बसायला लागलो. काम असेल तर काम उरकून. बसायचो आणि बघायचो. लोक हसत. हसू देत.

वयनी कुंकू लावत राहिली. पण गाव तिच्याशी कसं वागावं ते ठरवू शकलं नाही. सवाष्णी तिला ओटी भरायला बोलवत नसत, न जाणो मेलेला असेल. विधवा तिला आपल्यात बसवत नसत, न जाणो जिता असेल. ती दोन्ही पंगतींच्या मधे उभी. एवढं असून ती माझ्याशी कधी वाकडं बोलली नाही. मला वाटायचं, तिलाही माझ्यासारखीच खात्री आहे.

मग एका लग्नात, दुसऱ्याच कुणाच्या, मी मांडवात बसलेलो असताना म्हातारीने गायलं:

बांधावरी बसला भाव गो, बगं भावाची वाट,
भरती थकली, ओटी थकली, याची रोज नवी पहाट.

मांडव हसला. पोरंटोरंसुद्धा. मी पान पुढे सारलं आणि उठून आलो. त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं बंद. सुकटीची पाटी घेऊन दारावरून गेली तर मी तोंड फिरवायचो. ती मात्र मुद्दाम आमच्याच दारात पाटी टेकायची.

दादाची पोर लग्नाला आली तोवर मिठागर गेलं होतं, शेतात डंपर माती टाकत होते आणि मी कारखान्यात हेल्परी करत होतो. स्थळ आलं ऐरोलीच्या बाजूच्या गावातून. पोरगा फिटर, सरळ. घरची खाडीची मच्छीमारी. बाप आणि दोन थोरले भाऊ रोज होडीवर. पोर काळीसावळी, दादाच्या तोंडवळ्याची. त्यांनी पसंत केली, आम्हीही स्थळ पसंत केलं. अडलं ते दादावर.

आधी पत्रिकेवर अडलं. मुलीच्या बापाच्या नावामागे कै. घालायचं की श्री. मी म्हटलं, श्री. मुलाची आई म्हणाली, मेलेल्याला श्री लावून पोराची पत्रिका वाटायची नाही. शेवटी पत्रिकेत बापाचं नावच नाही, 'आमची पुतणी' एवढंच छापलं. मुलाची आई गप्प बसली, पण मला कळलं होतं की ती तिथे थांबणार नाही. बाई मोठी खमकी. ऐरोलीकडच्या बाजारात तिच्या पाटीपुढे घासाघीस करायला पुरुष घाबरत.

तिने निरोप पाठवला. उष्टी हळद घेऊन आम्ही येऊ. मुलीला पहिली हळद तिच्या आईने लावायची असते. तुमची वयनी सवाष्ण आहे की विधवा, ते आम्हाला कळलं पाहिजे. विधवेचा हात त्या हळदीला लागला तर माझ्या घरातली तीन माणसं रोज खाडीत जातात, मी कुणाला जाब विचारू? आणि निरोपाच्या शेवटी म्हणाली, आम्ही ठरवायला नको, तुम्ही ठरवायला नको. धवला ठरवील.

हे कळायला आमचा रिवाज सांगायला हवा. हळदीच्या दिवशी धवलारीण आवतन गाते, म्हणजे लग्नाचं बोलावणं. आधी देवांना. मग घरातल्या पितरांना, एकेकाचं नाव घेऊन, की तुमच्या घरी कार्य आहे, या. मग जित्या माणसांना. ज्याचं नाव पितरांत घेतलं गेलं तो मेला. ते परत काढता येत नसे. सरकारचा दाखला आम्ही नंतर बघायचो.

म्हणजे आता सगळं त्या तुटक्या दाताच्या म्हातारीच्या तोंडावर येऊन ठेपलं. दादाला ती मेलेल्यांत बोलावते की जित्यांत. मेलेल्यांत बोलावलं तर वयनीला तिथेच, पोरीच्या हळदीत, कुंकू पुसावं लागणार आणि पोरीला तिची आई हात लावू शकणार नाही. जित्यांत बोलावलं तर ते लोक हळदीचं ताट उचलून चालते होणार.

मी अबोला मोडून तिच्याकडे गेलो. अंगणात जवळा वाळत घातला होता, ती कावळे हाकत होती. मी उभ्यानेच सांगितलं, दादाला जित्यांत घ्यायचं. ती म्हणाली, बस. मी बसलो नाही. म्हटलं, पितरांत नाव घेतलंस तर मी स्वतः मांडव उधळीन, पोरीचं लग्न मोडलं तरी चालेल.

"काल तुजे याहीनबायचा, पोराचे आयचा, मानूस येऊन गेला," ती म्हणाली. "तो बोलला, जित्यांत घेतलास त मांडव उधलू. आता तुमी दोगं मिलून ठरवा, कोन कनचा खांब उपटतंय."

"आये, थट्टा नको."

"मंग गान्याला दम देव नको. गाना काय तुजा कोलंब्यांचा वाटा हाय, इतका याना, इतका त्याना? जा. कावले बसतान जवल्यावं."

मी आलो. निघताना एक विचारलं तिने मला, वयनीला काय पाहिजे ते विचारलंस का? मी म्हटलं, त्यात विचारायचं काय.

हळदीच्या दिवशी ऊन उतरायला आलं तेव्हा मुलाकडच्या बायका आल्या. वाजंत्री वाजली, पण त्यांच्यातली एकही बाई नाचली नाही. मुलाच्या आईने हळदीचं ताट पाटापुढे ठेवलं आणि त्यावर स्वतःचा पंजा झाकून बसली. बोलली नाही. त्यांचे पुरुष मांडवाच्या दारापाशी उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. आमचे आतल्या बाजूला. मी मधल्या खांबाशी. पोर पाटावर मान खाली घालून. तिच्या मागे वयनी, नवं हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. मी मुद्दाम मोठं लावायला सांगितलं होतं.

धवलारीण नेहमीसारखी लांब बसली. डोक्यावरून पदर घेतला, घसा खाकरला आणि देवांपासून सुरुवात केली. गावदेवी, शिवेवरचा देव, एकवीरा. म्हणता म्हणता ती पितरांवर आली. पणजाचं नाव घेतलं. आजाचं घेतलं, आजीचं. माझ्या बापाचं घेतलं, आईचं घेतलं. प्रत्येक नावाला मागच्या दोघी ओळ झेलत होत्या. आईनंतर दादाच. दुसरं कुणी मधे नव्हतं. आमच्या घरात लहानपणी गेलेलं एक मूल होतं, तिने त्याचंसुद्धा नाव घेतलं, जे आम्ही विसरलो होतो. मला वाटलं, ही वेळ काढतेय. मी खांबाला हात घातला होता, तो तसाच होता.

आणि ती थांबली. तिने श्वास घेतला. मागच्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

मग तिने जित्यांना सुरुवात केली. त्यांच्या पुरुषांत हालचाल झाली. एकाने पायात चपला सरकवल्या. मुलाच्या आईने ताटाच्या कडेला बोटं लावली. धवलारीण जित्यांतून एकेकाला बोलवत चालली, चुलते, आते, मामे, माझं नाव आलं. दादाचं माझ्या आधी यायला हवं होतं. आलं नाही. म्हणजे तो मेलेल्यांत नाही आणि जित्यांतही नाही. मी खांब सोडला आणि एक पाऊल पुढे टाकलं. काय करणार होतो मलाच माहीत नाही. तेवढ्यात जित्यांची यादी संपली, आणि तिने आवाज वर नेला. तो आवाज एवढ्याशा छातीतून कसा निघायचा, देव जाणे.

खारी बाय, खारी बाय, तुनाबी आवतन गो,
लेकीची हलद हाय, ये भरतीचे पान्यानं गो.
तुजे घरा पावना हाय, का वाटेला लावलास गो,
असंल तसा घेऊन ये, हात रिता नको आनूस गो.

मागच्या दोघींनी ओळ झेललीच नाही. कुणी खाडीला लग्नाचं बोलावणं दिलेलं आजवर ऐकलं नव्हतं. मांडवात फक्त बाहेरच्या डंपरचा आवाज येत होता. धवलारणीने तीच ओळ पुन्हा घेतली, आणि या वेळी वयनीने झेलली. आत्तापर्यंत तोंड न उघडलेल्या वयनीने. बारीक आवाजात, पण शेवटपर्यंत.

मुलाची आई म्हणाली, "याचा अर्थ काय घ्यायचा आमी? जिता का मेला?"

"ता खारीला विचारलाय," धवलारीण म्हणाली. "आवतन गेला. आता तुना वाटत असंल त परत घे. सांग तिला, नको येव म्हनून."

मुलाच्या आईची बोटं ताटाच्या कडेवरच होती. तिचा नवरा आणि दोन मुलगे त्याच खाडीतून घरी यायचे होते, कदाचित त्या घटकेला पाण्यातच असतील. आमच्यातली कुठली बाई, कितीही खमकी असली तरी, खाडीला दिलेलं बोलावणं मोडा असं म्हणेल? मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिचा जबडा दोनदा हलला. मग तिने ताटावरचा हात काढला.

"पोरीच्या आयला पुढं येऊ द्या," ती म्हणाली. "हलद सुकतं."

वयनीने दोन्ही हात हळदीत घातले. पोरीच्या पायापासून सुरुवात करून गुडघे, हात, खांदे, मग गाल. कुठलीच जागा सोडली नाही. पोर मात्र आता रडायला लागली. त्यांच्या पुरुषांतला चपला घातलेला चपला काढून बसला. वाजंत्रीवाल्यांना कुणी खूण केली माहीत नाही, त्यांनी वाजवायला घेतलं आणि त्यांच्यातल्या दोघी तिघी नाचायला उठल्या. मी बाहेर जाऊन बिडी ओढली. जिंकल्यासारखं वाटत होतं. आजही म्हणतो, जिंकलोच होतो. दादाचं नाव पितरांत गेलं नव्हतं.

लग्न झालं. पोर सासरी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे पांगले, मांडव अजून उभा होता, जमिनीवर हळदीचे पाय उमटलेले. मी उंबऱ्यावर बसलो होतो. धवलारीण तिची साडी आणि तांदूळ घ्यायला आली. वयनीने तिला साडी दिली, तांदूळ दिले, नारळ दिला, आणि मग मांडवातच तिच्यासमोर बसली.

म्हणाली, "आये, आता त्याचा नाव घे. पितरांत."

मी म्हटलं, वयनी, हे काय आता? ठरलं ना हळदीला. खाडीला सांगितलंय, खाडी आणील तेव्हा बघू. वयनीने माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे असं सरळ बघितलं नव्हतं. आमच्यात वयनी दिराच्या तोंडाकडे बघून बोलते, पण हिने ते कधीच सोडलं होतं.

"भावजी, तुमी हट धरलाव म्हनून पोरीला बाप हाय असा बोलता आला. त्याचा उपकार मी विसरनार नाय. पन त्या दिसापासना मी रडले नाय. रडले असते त तुमचा भाव मेला असता. चुलीचे धुरान डोला भरला तरी पुसायची, कोनी बघंल म्हनून. आता पोर नांदाया गेली. आता मना रडू द्या."

यावर मला उत्तर सुचलं नाही, असं नाही. होडी सरळ होती, हे उत्तर होतंच. ते मी दिलंही असतं. पण धवलारीण माझ्याकडे बघत होती, परवानगी मागितल्यासारखी नाही, नुसतीच, कावळा उठतोय का बसतोय बघावं तशी. मी ज्या उंबऱ्यावर तेव्हा कोयता घेऊन बसलो होतो त्याच उंबऱ्यावर बसलेलो होतो. मी उठलो. हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही. बांधाकडे निघालो. मिठागर गेलं होतं तरी बांधाचा एक तुकडा अजून शिल्लक होता.

भरती चढत होती. तिथवर आवाज येईल असं वाटलं नव्हतं. आला. आधी दादाचं नाव आलं, लांबवलेलं. मग मिठागराच्या ओळी:

आगरान पानी सुकला, मेला कोन बोलतं गो?
जिभेवं ठेव चिमूट, पानीच त्या लागतं गो.

मग वयनीचा आवाज. ते रडणं मी सांगत नाही. खूप वेळ चाललं. गावातल्या बायका आपापल्या घरांतून निघून आमच्या मांडवाकडे जाताना मला बांधावरून दिसल्या, सवाष्णी आणि विधवा, एकत्रच. त्यांनी तिला मधे घेतलं असणार. त्या दिवसापासून तिला बसायला पंगत मिळाली, हे खरं आहे आणि ते मी मान्य करतो.

बांगड्या तिने कुणाला फोडू दिल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः एकेक उतरवून खाडीत सोडल्या. परत येऊन मला चहा दिला. कपाळ मोकळं होतं. मी कपाकडे बघून चहा प्यायलो. ती म्हणाली, भावजी, तुमी बांधावर जायचं बंद करू नका माझ्यासाठी. मी म्हटलं, करणारही नव्हतो. ती हसली, आणि मला 'रोज नवी पहाट' म्हणाली. घरात ते मला पहिल्यांदाच कुणी म्हणालं, आणि मला राग आला नाही.

धवलारीण त्यानंतर काही वर्षांनी गेली. तोवर लग्नात भटजी यायला लागले होते, मग बँड, मग बाकीचं. तिच्या दहाव्याला मी गेलो. गाणारं कुणी नव्हतं, म्हणून 'आगरान पानी सुकला' या तिच्या दोन ओळी मी बसक्या आवाजात म्हटल्या. पुरुषाने म्हणायच्या नसतात. कुणी अडवलं नाही.

पितृपक्षात वयनी, होती तोवर, दादाचं पान वाढायची. मी त्या पानाला हात जोडत नसे. आता वयनीही नाही, पान माझी सून वाढते, आणि मी अजून जोडत नाही. सून नातीला म्हणते, म्हाताऱ्याला सांगून उपयोग नाही.

त्या मुलीला आशेवरची ओळ सांगितली तेव्हा तिने विचारलं, आजोबा, ही कुणावर केलेली आहे? मी सांगितलं, होता एक गावात. ती म्हणाली, मग त्याचा भाऊ आला का परत? मी तिला म्हटलं, बाई, होडी सरळ होती.